हॅमिल्टन सातव्यांदा चॅम्पियन झाला, पण त्याच्याच देशात ती रेस फुकट टीव्हीवर लाइव्ह दिसली नाही

१५ नोव्हेंबर २०२०. रविवार. तुर्कस्तानातल्या इस्तंबूलमध्ये पाऊस पडून गेलेला आणि ट्रॅक असा निसरडा झालेला की जगातले सगळ्यात भारी ड्रायव्हर नवशिक्यांसारखे गोल गोल फिरत होते. लुईस हॅमिल्टननं सहाव्या नंबरवरून सुरुवात केली. मधल्या टप्प्यात तर तो आज काही करेल असं वाटतच नव्हतं. पण पठ्ठ्यानं घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर गाडी रेटली, पुढच्यांना एकेक करून मागं टाकलं आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकानं रेस जिंकली. त्याबरोबर सातवी वर्ल्ड चॅम्पियनशिपही खिशात घातली.

सात म्हणजे मायकेल शूमाखरची बरोबरी. फॉर्म्युला वनच्या इतिहासात याच्या वर कुणीही गेलेलं नव्हतं. गाडी थांबल्यावर हॅमिल्टन बराच वेळ आतच बसून रडत होता.

ब्रिटनमध्ये तेव्हा रविवारची सकाळ होती. हॅमिल्टन ब्रिटिश. त्याची गाडी इंग्लंडमधल्या ब्रॅकली गावातल्या कारखान्यात बनलेली. इंग्लंडमध्ये दुसरा लॉकडाऊन सुरू होता, म्हणजे लोक घरात आणि टीव्ही समोर. असा क्षण बघायला आख्खा देश मोकळा होता म्हणा ना.

पण लाइव्ह रेस बघता आली ती फक्त स्काय स्पोर्ट्सचे पैसे भरणाऱ्यांना. बाकीच्यांसाठी चॅनेल फोरवर नंतर हायलाइट्स होत्या. एरवी ज्याच्याकडे स्काय नाही तो पबमध्ये जाऊन बसतो, पण लॉकडाऊनमुळं पबही बंद होते.

आता ही वेळ कशी आली, ते बघू. कारण एके काळी फॉर्म्युला वन म्हणजे ब्रिटनच्या रविवारचा भाग होता, अगदी आपल्याकडं रविवारी सकाळी रामायण-महाभारत लागायचं तसा.

बीबीसीनं १९७८ साली 'ग्रां प्री' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याला शीर्षक संगीत म्हणून फ्लीटवुड मॅक या बँडच्या 'द चेन' गाण्यातला बेस गिटारचा तुकडा घेतला. तो तुकडा वाजला की दुपारच्या जेवणाची ताटं तशीच ठेवून घर टीव्हीपुढं जमायचं. कॉमेंट्रीला मरे वॉकर. हा माणूस इतका जीव तोडून बोलायचा की हळू चाललेली रेससुद्धा त्याच्या तोंडून ऐकताना श्वास रोखला जायचा. त्याच्या चुका व्हायच्या, नावं उलटसुलट व्हायची, पण लोकांनी त्या चुकांवरही प्रेम केलं.

१९९७ साली रेस आयटीव्हीकडे गेल्या. आयटीव्हीसुद्धा फुकटच, पण जाहिरातींवर चालणारं चॅनेल. मग ऐन रेसमध्ये साबणाच्या नाहीतर गाड्यांच्या जाहिराती यायला लागल्या. २००५ ची इमोलाची रेस तर जुन्या चाहत्यांच्या डोक्यातून अजून जात नाही. शेवटचे काही लॅप राहिलेत, पुढे फर्नांडो अलोन्सो, त्याच्या मागच्या चाकाला नाक लावून मायकेल शूमाखर, कुठल्याही क्षणी ओव्हरटेक होईल अशी अवस्था. आणि तीन लॅप बाकी असताना आयटीव्हीनं ब्रेक घेतला! लोक इतके चिडले की पुढच्या रेसच्या वेळी चॅनेलला माफी मागावी लागली.

हा किस्सा सांगायचं कारण म्हणजे फुकटच्या काळात सगळं छान छान होतं अशातला भाग नाही. चाहता तेव्हाही कुरकुरत होताच. पण तेव्हा तो दार उघडं असलेल्या घरात बसून कुरकुरत होता.

२००९ साली रेस परत बीबीसीवर आल्या. 'द चेन' परत आलं, जाहिराती गेल्या. त्याच वर्षी जेन्सन बटन चॅम्पियन झाला. आदल्या वर्षी हॅमिल्टन झालेला. लागोपाठ दोन वर्षं ब्रिटिश चॅम्पियन, रेस फुकट, मध्ये एकही जाहिरात नाही आणि कॉमेंट्रीला स्वतः फॉर्म्युला वन चालवलेला मार्टिन ब्रंडल. बीबीसीचा करार २०१३ पर्यंत होता. चाहत्याला आणखी काय पाहिजे?

मग उजाडला २९ जुलै २०११ चा शुक्रवार.

हंगेरीच्या रेसचा वीकेंड होता. सकाळी बातमी आली की २०१२ पासून फॉर्म्युला वनच्या सगळ्या रेस स्कायवर लाइव्ह दिसतील. बीबीसीवर निम्म्याच रेस लाइव्ह दिसणार, बाकीच्यांच्या नंतर हायलाइट्स. ब्रिटनची रेस, मोनॅको आणि सीझनची शेवटची रेस एवढ्या बीबीसीकडे नक्की राहणार. हे सगळं २०१८ पर्यंत.

म्हणजे चालू करार संपायला दोन वर्षं असताना बीबीसीनं स्वतःहून अर्धा घास दुसऱ्याच्या ताटात वाढला होता.

चाहत्यांचा संताप समजून घ्यायचा तर त्या महिन्यात ब्रिटनमध्ये काय चाललं होतं तेही बघावं लागतं. फोन हॅकिंगच्या प्रकरणात रुपर्ट मरडॉकचं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे वर्तमानपत्र त्याच महिन्यात बंद पडलं होतं, १० जुलैला त्याचा शेवटचा अंक निघाला. आणि स्कायमध्ये सगळ्यात मोठा हिस्सा कुणाचा, तर मरडॉकच्याच कंपनीचा. त्यामुळं आपली रविवारची रेस नेमकी याच माणसाच्या पदरात पडली, ही गोष्ट लोकांना जास्त झोंबली.

पण बीबीसीनं असं केलं का?

त्याचं उत्तर लायसन्स फीमध्ये आहे. ब्रिटनमध्ये घरी टीव्ही बघायचा तर वर्षाला ठरावीक फी भरावी लागते आणि बीबीसी त्यावर चालतं, जाहिरातींवर नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं ही फी वर्षाला १४५.५० पौंडांवर सहा वर्षांसाठी गोठवली. वरून वर्ल्ड सर्व्हिसचा खर्चही बीबीसीच्या गळ्यात टाकला. महागाई वाढणार, उत्पन्न तेवढंच राहणार. मग कुठं कात्री लावायची? बातम्या, मुलांचे कार्यक्रम, नाटकं यांना हात लावला तर ओरडा. फॉर्म्युला वन महाग आणि बघणारा वर्ग ठरलेला. कात्री तिथंच चालली.

बीबीसीच्या जागी बसून बघितलं तर हा हिशेब चुकीचा वाटत नाही. पूर्ण हातातून जाण्यापेक्षा अर्ध्या रेस ठेवलेल्या बऱ्या, असा तो विचार होता. पण चाहत्याच्या बाजूनं बघा. तो लायसन्स फी आधीही भरत होता आणि पुढंही भरणारच होता, कारण ती कायद्यानंच भरावी लागते. त्याच्या पैशात एक रुपया कमी झाला नाही, रेस मात्र निम्म्या झाल्या. उरलेल्या निम्म्या बघायच्या तर स्कायचं पॅकेज घ्या, आणि त्या पॅकेजमध्ये फुटबॉल, क्रिकेट, गोल्फ सगळं आलं. ज्याला फक्त रेस बघायची त्यानंही सगळ्याचे पैसे भरायचे. वडापाव खायचा असला तरी थाळीच घ्या, असा प्रकार.

अर्धी लाइव्ह, अर्धी हायलाइट्स ही सोय वर्षभर चालणाऱ्या खेळात फार विचित्र ठरते. फुटबॉलची एखादी मॅच चुकली तर पुढची मॅच नवीनच असते. फॉर्म्युला वनचा सीझन मात्र मालिकेसारखा असतो. कुणाचं इंजिन बदललं, कुणाला दंड झाला, दोन टीममेट्समध्ये कुठं फाटलं, हे एका रेसमधून दुसऱ्या रेसमध्ये येत राहतं. एक भाग बघायचा आणि एक सोडायचा, असं किती दिवस चालणार?

त्यात हायलाइट्स बघणाऱ्याचा रविवार म्हणजे नुसता लपंडाव. रेस संपलेली असते, हायलाइट्स लागायला अजून काही तास असतात. तेवढ्या वेळात फोन बघायचा नाही, बातम्या लावायच्या नाहीत, मित्राचा मेसेज उघडायचा नाही. शेजाऱ्यानं कुंपणावरून 'बघितलंस का, काय झालं?' असं विचारलं तरी कानावर हात. सोशल मीडियाच्या जमान्यात निकाल तुमच्यापर्यंत न पोचणं हेच मुळात अशक्य. एवढं करून संध्याकाळी टीव्हीपुढं बसावं, तर जिथं दहा लॅप काहीच न घडता ताण वाढत जातो तो भाग कापलेला असतो. कंटाळवाणे लॅप काढून टाकले की शेवटच्या ओव्हरटेकची किंमत कळत नाही, असं जुने चाहते म्हणतात. त्यात तथ्य आहे.

काहींनी मग रेडिओचा मार्ग धरला. बीबीसी रेडिओ फाइव्ह लाइव्हवर कॉमेंट्री चालू होतीच. समोर कॉम्प्युटरवर लॅपचे आकडे आणि कानात रेडिओ. काहींनी नाक मुरडत स्काय घेतलं. आणि काहींनी हळूहळू सोडून दिलं. या शेवटच्यांचा आवाज कुठं होत नाही. त्यांनी तक्रारही केली नाही, एका रविवारी बघितलं नाही, मग दुसऱ्या रविवारी आठवलंच नाही.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब आहे आणि तो जास्त रोखठोक आहे.

फॉर्म्युला वनची कमाई मुख्यतः तीन ठिकाणांहून येते. रेस भरवण्यासाठी शहरं आणि ट्रॅकवाले देतात ती फी, प्रक्षेपणाचे हक्क आणि स्पॉन्सर. २०२३ साली ही कमाई साधारण ३.२ अब्ज डॉलर होती आणि त्यातले सुमारे १.२ अब्ज डॉलर दहा टीम्सना वाटले गेले. म्हणजे टीव्हीवाले जेवढे जास्त पैसे देतील, तेवढा टीम्सचाही वाटा वाढतो. स्पॉन्सरला आपला लोगो जास्तीत जास्त लोकांनी बघितलेला हवा असतो, म्हणून त्याला फुकट चॅनेल परवडतं. पण हक्कांचा चेक स्पॉन्सर फाडत नाही, चॅनेल फाडतं.

पैसे घेणारं चॅनेल एवढा मोठा चेक का फाडतं? कारण जाहिरातीवर चालणाऱ्या चॅनेलला एका प्रेक्षकामागं अगदी थोडे पैसे मिळतात, आणि वर्गणीवर चालणाऱ्याला एकाच घरातून महिन्याला भरघोस. उदाहरणापुरतं धरा की एक कोटी लोक फुकट रेस बघत होते आणि त्यातल्या दहांपैकी एकानंच पैसे भरले. तरी ते दहा लाख लोक महिन्याच्या महिन्याला पैसे देतात आणि सीझन चालू असेपर्यंत सोडून जात नाहीत. सिनेमा आज नाही तर उद्या बघता येतो. लाइव्ह खेळ उद्यावर टाकता येत नाही, म्हणून तो माणसाला बांधून ठेवतो.

मरडॉकनं हे फार आधी ओळखलं होतं. पे टीव्हीचा बाजार उघडायचा तर खेळाचा वापर किल्ल्याचा दरवाजा फोडणाऱ्या ओंडक्यासारखा करायचा, असं त्यानं १९९६ साली आपल्या शेअरहोल्डर्सना उघड सांगितलं होतं. १९९२ ला प्रीमियर लीगचा फुटबॉल स्कायवर गेला. २००५ ची गाजलेली ॲशेस चॅनेल फोरवर बघून ब्रिटन क्रिकेटवेडा झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या घरच्या टेस्ट मॅचेस स्कायवर गेल्या. फॉर्म्युला वन त्या रांगेत जरा उशिरा आलं, एवढंच.

आणि ते ब्रिटनपुरतं राहिलं नाही. फ्रान्समध्ये २०१३ पासून टीएफ वन या फुकट चॅनेलवरच्या रेस कॅनाल प्लसकडे गेल्या. शूमाखरच्या जर्मनीत आरटीएलनं १९९१ पासून २०२० पर्यंत तीस वर्षं रेस दाखवल्या, मग त्या स्कायकडे गेल्या. मोटरसायकलच्या मोटोजीपीचंही तेच झालं, ब्रिटनमध्ये ती २०१४ ला बीबीसीवरून बीटी स्पोर्टवर गेली.

ब्रिटनच्या गोष्टीचा पुढचा भाग पटकन उरकता येतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये बीबीसीनं अर्ध्या रेसही सोडल्या, त्या चॅनेल फोरनं घेतल्या आणि रेसमध्ये जाहिराती दाखवायच्या नाहीत असं ठरवलं. चाहत्यांना वाटलं, चला, निदान हे तरी टिकेल. पण २०१६ च्या मार्चमध्येच जाहीर झालं की २०१९ पासून लाइव्ह रेस फक्त स्कायवर. फुकट बघायला मिळणार ती वर्षातून एक लाइव्ह रेस, सिल्व्हरस्टोनची ब्रिटिश ग्रां प्री. पुढं स्कायनं हा करार २०२९ पर्यंत वाढवून घेतला.

या एका रेसवरून एक भन्नाट प्रसंग घडला. १४ जुलै २०१९. लॉर्ड्सवर क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड. हो, तीच, सुपर ओव्हरवाली. इंग्लंड फायनलला पोचल्यामुळं स्कायनं ती मॅच चॅनेल फोरलाही दाखवायला दिली. आता नेमकी त्याच दुपारी सिल्व्हरस्टोनची रेस, आणि चॅनेल फोरकडे वर्षभरातली तीच एक लाइव्ह रेस! मग रेसच्या वेळेपुरतं क्रिकेट मोअर फोर या धाकट्या चॅनेलवर हलवलं आणि रेस संपल्यावर परत आणलं. ज्या देशानं दोन्ही खेळ कुलपात ठेवले होते, त्याला एका दुपारी दोन्ही फुकट मिळाले आणि दाखवायला चॅनेल अपुरं पडलं.

आता कुणी म्हणेल, सरकार काही करत नाही का? कायदा आहे. ब्रिटनमध्ये काही खेळांची सरकारी यादी आहे. ऑलिम्पिक, फुटबॉल वर्ल्ड कप, विम्बल्डनची फायनल, एफए कपची फायनल, घोड्यांच्या ग्रँड नॅशनल आणि डर्बी या शर्यती वगैरे. हे खेळ जवळपास प्रत्येक घरात पोचणाऱ्या फुकट चॅनेलला दाखवायची संधी द्यावीच लागते. घोड्यांच्या शर्यती यादीत आहेत, पण मोटारींची ब्रिटिश ग्रां प्री त्यात नाही. सिल्व्हरस्टोनची रेस चॅनेल फोरवर दिसते ती कायद्यामुळं नाही, करारामुळं. करार बदलला तर तीही जाऊ शकते.

आपल्याकडंही असाच कायदा आहे, २००७ चा. राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण खासगी चॅनेलला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. भारताची क्रिकेट मॅच डीडी स्पोर्ट्सवर दिसते ती याच कायद्यामुळं. फॉर्म्युला वन तिथं नाही, आणि ते अपेक्षितही नाही.

भारतातल्या चाहत्याची गोष्ट थोडी वेगळ्या वळणानं जाते. नारायण कार्तिकेयन २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये उतरला, मग विजय मल्ल्याची फोर्स इंडिया टीम आली आणि ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. या सगळ्या काळात रेस स्पोर्ट्स चॅनेलवर दिसायच्या. ती चॅनेलं खरं तर पैसे भरूनच मिळायची, पण ते पैसे महिन्याच्या केबलच्या बिलात मुरलेले असायचे. क्रिकेटसाठी घेतलेल्या पॅकमध्ये रेस आपोआप यायची. चॅनेल बदलता बदलता एखाद्या पोराला संध्याकाळी साडेसहाला मोनॅकोच्या गल्ल्यांतून पळणाऱ्या गाड्या दिसायच्या आणि तो तिथंच अडकायचा. आज पुण्यात नाहीतर कोल्हापुरात जे तिशी-चाळिशीतले चाहते भेटतात, त्यातले कितीतरी असेच अपघातानं चाहते झालेले आहेत.

२०२२ नंतर स्टार स्पोर्ट्सबरोबरचा करार संपला. २०२३ ला भारतात टीव्हीवर रेसच नव्हती, फॉर्म्युला वनचं स्वतःचं ॲप घ्या आणि बघा, असा मामला. २०२४ पासून रेस फॅनकोडवर आल्या. हे मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सचं ॲप. एका रेसचाही पास मिळतो, पूर्ण सीझनचाही. ब्रिटनच्या मानानं हे प्रकरण फारच स्वस्त आहे, त्यामुळं पक्क्या चाहत्याला त्याचं दुःख नाही. उलट बरंच झालं म्हणणारेही आहेत, कारण क्रिकेटची मॅच लांबली म्हणून रेस कापली जाण्याचा प्रकार नाही. पण ॲप तोच उघडतो ज्याला आधीच रेस बघायची आहे. चॅनेल बदलताना अपघातानं सापडणारी रेस आता कुणाला सापडत नाही.

म्हणजे ब्रिटनमधला संताप आणि भारतातली शांतता, दोन्हीच्या खाली प्रश्न एकच आहे. असलेल्या चाहत्याकडून पैसे घेता येतात, पण नवा चाहता कुठून येणार?

याला स्कायवाल्यांकडे उत्तर आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं. स्कायनं २०१२ ला फॉर्म्युला वनसाठी आख्खं वेगळं चॅनेल काढलं. प्रॅक्टिसपासून रेसनंतरच्या चर्चेपर्यंत सगळं दाखवलं, रेसमध्ये जाहिरात दाखवली नाही. ब्रंडल आणि रेडिओवरचा डेव्हिड क्रॉफ्ट दोघंही तिकडं गेले. काम उत्तम आहे, हे त्यांच्यावर चिडलेले चाहतेही मान्य करतात. पुढं नाऊ टीव्हीवर एका दिवसाचा पासही मिळायला लागला. आणि फुकट टीव्ही गेल्यावर खेळ मरेल असं जे म्हणत होते, ते चुकले. २०१९ ला नेटफ्लिक्सवर 'ड्राईव्ह टू सर्व्हाइव्ह' आली आणि ज्यांनी आयुष्यात एक रेस बघितली नव्हती अशी पोरंपोरी टीम प्रिन्सिपलची नावं घ्यायला लागली. फॉर्म्युला वन आज पूर्वीपेक्षा जास्त पैसा कमावतं, जास्त देशांत जातं.

हे सगळं खरं. फक्त नेटफ्लिक्सही फुकट नाही. नवे चाहते आले ते एका वर्गणीतून दुसऱ्या वर्गणीकडे. ज्या घरात दोन्ही परवडत नाहीत, तिथलं पोर या मोजणीत कुठंच नाही.

आणि असं पोर म्हणजे खुद्द हॅमिल्टन. स्टीव्हनेज गावात वाढलेला, वडील मुलाच्या कार्टिंगसाठी एकापेक्षा जास्त नोकऱ्या करणारे. तो लहानपणी आयर्टन सेनाचा भक्त झाला तो टीव्हीवर रेस बघून, आणि तेव्हा रेस बीबीसीवर होत्या. रिमोटच्या गाड्या पळवतो म्हणून तो लहानपणी स्वतः बीबीसीच्या 'ब्लू पीटर' कार्यक्रमात झळकलेला. कार्टिंगसाठी पै पै जोडणाऱ्या घरात स्पोर्ट्सचं पॅकेज घेतलं गेलं असतं का, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

स्कायलाही हे कुठंतरी कळत असावं. १२ डिसेंबर २०२१ ला अबू धाबीत हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन समान गुणांवर शेवटच्या रेसला उतरले, तेव्हा स्कायनं ती रेस चॅनेल फोरलाही लाइव्ह दाखवू दिली. त्या शेवटच्या वादग्रस्त लॅपचं पुढं काय झालं ते जगाला माहिती आहे. दोन्ही चॅनेल मिळून सर्वाधिक प्रेक्षकसंख्या सुमारे ७४ लाखांवर गेली, आणि त्यातले निम्म्याहून जास्त, सुमारे ४४ लाख, फुकट चॅनेलवर होते. म्हणजे एवढ्या वर्षांनी एका दिवसासाठी दार उघडलं, तर बाहेर एवढी माणसं अजून उभी होती.

त्यानंतर हॅमिल्टन दोन वर्षांहून जास्त काळ एकही रेस जिंकला नाही. ९४५ दिवसांचा दुष्काळ संपला तो ७ जुलै २०२४ ला, सिल्व्हरस्टोनवर, घरच्या प्रेक्षकांसमोर. रेडिओवर त्याचा आवाज फुटला, वडिलांना मिठी मारून तो ढसाढसा रडला. वर्षातली तीच एक रेस चॅनेल फोरवर लाइव्ह होती, त्यामुळं ज्याच्याकडे साधा टीव्ही होता त्यालाही ते बघता आलं.

तीनच आठवड्यांनी तो बेल्जियममध्ये पुन्हा जिंकला. पहिला आलेला टीममेट जॉर्ज रसेल गाडीचं वजन कमी भरलं म्हणून रेसनंतर बाद झाला आणि विजय हॅमिल्टनला मिळाला. ती रेस लाइव्ह फक्त स्कायवर होती.